जाळीतल्या अक्षता

माझा जुना कॉम्प्युटर चालू केला की शेजारच्या घरात कळायचं. आधी घरघर, मग खाकरल्यासारखा आवाज, आणि मर्जी असेल तर पडदा उजळायचा. लग्नांचं शूटिंग करायचं आणि त्याच्या फिल्म जोडायच्या हा माझा धंदा. पिंगळीपासून सेलूपर्यंतच्या किती मांडवांतले रुसवेफुगवे आणि पंगती त्या डब्यात साठल्या होत्या. आई म्हणायची, त्याचंही तुझ्यासारखंच झालंय, काम सांगितलं की कुरकुर. मी तापट आहे हे सगळ्या गल्लीला माहीत, पण त्या डब्यापुढे मी हात जोडायचो.

पोळा झाला आणि त्यातून टक टक असा नवाच आवाज यायला लागला. हार्ड डिस्क आता जाणार, हे मी ओळखलं. त्याच आठवड्यात देवगाव फाट्याकडून एका मुलीचा फोन आला. उन्हाळ्यात पेडगावला तिच्या लग्नाचं शूटिंग मीच केलं होतं. तिचे वडील गावात पिठाची गिरणी चालवायचे. ते झोपेतच गेले, असं तिने सांगितलं. मला वाटलं, फिल्म कधी देता असं विचारेल. तिने ते विचारलंच नाही.

"दादा, फिल्म मागून करा," ती म्हणाली. "अक्षता पडताना पप्पा कुठं होते, मला तेवढंच बघायचंय. मधी आंतरपाट होता, मला काईच दिसलं न्हाई. नंतर इचारलं तर म्हणले, होतो की तिथंच. स्टेजवर तर न्हवते."

मी हो हो म्हणालो. तिचं लग्न आता फक्त त्या टकटकणाऱ्या डिस्कवर उरलं होतं. दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती ती उन्हाळ्यातच गेली होती, आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर तोवर पुढची लग्नं चढली होती. हे मात्र मी तिला सांगितलं नाही. दसऱ्याला आईकडे आली की ती परभणीत माझ्याकडे येऊन बघणार होती.

स्टेशन रोडला एक दुकानदार आहे, तो एकेक भाग निवडून कॉम्प्युटर जोडून देतो. त्याने जुन्या डब्याला कान लावला आणि वायरच काढून टाकली. म्हणाला, "भाऊ, आता ह्याला हात लावू नका. अजून एकदा चालंल. त्याच्या पुढचा भरोसा न्हाई." नवीन मशीन तयार झालं की जुनी डिस्क त्याला जोडायची आणि एका दमात सगळं उतरवून घ्यायचं, असं ठरलं. दुकानात लाइटचा नेम नव्हता. माझ्याकडे इन्व्हर्टर होता, म्हणून ते काम घरीच करायचं होतं.

कॅबिनेट निवडताना त्याने काचेचं एक दाखवलं, आत लाल-हिरवे दिवे पळणारं. मी म्हणालो, वर्षभर मांडवातली रोषणाईच बघतो, घरात नको. मग साधं काळं घेतलं. परभणीचं ऊन बघून त्याचं डोकं सगळं जाळीचं, खाली पंखे, म्हणजे गरम हवा वरच्या वर निघून जाणार. आवाज तर अजिबात नाही, असं त्याने अभिमानाने सांगितलं. दिवा नाही, आवाज नाही, म्हणून मी खूश झालो.

सामान हैदराबादहून यायला उशीर झाला आणि मशीन घरी आलं ते ऐन दसऱ्याच्या तोंडावर. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी विळा, कोयता, शिलाई मशीन, कॅमेरा, सगळी हत्यारं पुसून मांडतात. पूजा झाली की दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. आईने सकाळीच बजावलं की आज काही चालू करायचं नाही. मी म्हणालो, उद्या ती पोरगी यायची आहे, माझं घोडं इथंच अडलंय, तुझा देव समजून घेईल. आई पूजेचं ताट लावायला वळली. तिने अशी पाठ फिरवली की मला जास्त राग येतो.

मी जुनी डिस्क जोडली. टक टक झालं, थांबलं, पुन्हा झालं, मग आवाज बंद होऊन एकेक फाइल उतरायला लागली. माझा जीव टांगणीला लागला होता. तेवढ्यात त्या मुलीचाच फोन आला. आत रेंज नाही म्हणून अंगणात गेलो. उद्या सकाळी येते, दिसंल ना दादा, असं तिने विचारलं. दिसेल, म्हणालो.

परत आलो तर आई हातात ताट घेऊन उभी. कोयता झाला होता, शिलाई मशीन झालं होतं, कॅमेरा झाला होता. नव्या कॅबिनेटच्या डोक्यावर हळद-कुंकवाची बोटं, झेंडूचं फूल आणि जाळीत अडकलेल्या ओल्या अक्षता. वरून फुलाने पाणीही शिंपडलेलं. जुन्या डब्याचं डोकं बंद पत्र्याचं होतं, त्याचीही दर वर्षी अशीच पूजा व्हायची, पण आत काही जायचं नाही. आता आतून कर्रर कर्रर आवाज येत होता.

"बंदच होतं की ते," आई म्हणाली. "आवाज न्हवता, दिवा न्हवता. मला वाटलं, माझं ऐकलंस."

मी ओरडणारच होतो, पण पडदा आपोआप काळा झाला होता, आणि दिवा नको, आवाज नको हे तर मीच सांगून घेतलेलं. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, आधी बंद करा, आत पाणी गेलंय, सगळं जळून जाईल. मी विचारलं, आणि डिस्क पुन्हा चालू होईल का? तो म्हणाला, ते तुमी बघा.

बटणावर बोट ठेवून मी उभा राहिलो. बंद केलं तर ते लग्न गेलं, नाही केलं तर कदाचित लग्न आणि नवं मशीन दोन्ही गेलं. शेवटी बोट काढून घेतलं. आई पदराने जाळी टिपायला लागली. काहीतरी जळाल्याचा वास यायला लागला, आणि तो वायरीचा की उदबत्तीचा हे कळेना. मी म्हणालो, उदबत्ती विझव. पूजेची उदबत्ती आईने जन्मात कधी विझवली नव्हती. तिने ती ताटातल्या पाण्यात बुडवली, आणि आम्ही दोघं मायलेक कॅबिनेटवर वाकून वास घेत राहिलो. वास हळूहळू गेला. डिस्क हळद उतरवत होती, मग मिरवणूक, मग मंगलाष्टकं. आणि मग एक बारीक किंचाळी काढून ती थांबली, ती कायमची.

नवं मशीन धडधाकट निघालं. मी ते उघडून तांदूळ वेचले. पण कन्यादान आणि पाठवणी गेली होती. बाप रडतो ती जागा, जी सगळे पुन्हा पुन्हा बघतात, तीच नव्हती. उरलेलं मी चाळून पाहिलं. हळदीत तिच्या वडिलांची पाठ होती, मिरवणुकीत फोन कानाला लावलेला अर्धा गाल. अक्षतांच्या वेळी स्टेजवर भटजी होते, मामा होते, ते नव्हते. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

दसऱ्याला ती आली. नवरा बाहेर मोटारसायकलपाशी थांबला. मी खरं ते सांगून टाकलं. तिने मान हलवली आणि विचारलं, "मागं एक कॅमेरा नुसताच उभा होता की?"

होता. मांडवाच्या दाराशी तीन पायांच्या स्टँडवर लावून दिलेला, नुसती गर्दी टिपणारा. त्यात डोकी आणि फेटेच असतात म्हणून मी तो उघडलाच नव्हता. लावला. मंगलाष्टकं चालू होती आणि कडेच्या वाटेने तिचे वडील परात घेऊन रांगेरांगेत अक्षता वाटत होते. कोणी राहू नये म्हणून अगदी शेवटच्या खुर्चीपर्यंत. शेवटचं कडवं सुरू झालं तेव्हा परात रिकामी होती. त्यांनी ती वाकडी करून पाहिली, खिसा चाचपला. मग खाली वाकले आणि लेकरांनी आधीच उधळलेले तांदूळ सतरंजीवरून मुठीत गोळा केले. सगळे जागेवरूनच फेकत होते. ते मूठ आवळून कडेकडेने पळाले, स्टेजच्या खाली जाऊन टाचा उंचावल्या आणि आंतरपाटाच्या वरून ती मूठ टाकली.

मग वळले. कॅमेऱ्याकडे चालत येताना चेहरा पहिल्यांदाच पूर्ण दिसला. उपरण्याने डोळे पुसले आणि कोणाला तरी हाक मारून म्हणाले, "चला, पंगत धरा."

तिने मला ते परत लावायला सांगितलं. मी लावलं. आई दारात उभी होती. राहून गेलेला एखादा तांदूळ पंख्यात कर्रर करत होता, आणि तो काढायला मी उठलो नाही.

"पप्पाच्या पडल्या की मग माझ्या अंगावर," ती म्हणाली. "ह्याच्या पुढचं नसलं तरी चालतंय, दादा."