मुक्या स्कूटरचा दसरा

आमच्या चिंचवडच्या घरात दोन मोठ्या माणसांचं राज्य होतं, आणि त्या दोघांनाही आमचं घर कुठं आहे हे ठाऊक नव्हतं. एक आप्पांचे शेठ. माझ्या वडिलांनी सगळी नोकरी स्कूटरच्या कारखान्यात काढली. त्या कारखान्याच्या मालकांचा पेपरात आलेला फोटो आमच्या हॉलमध्ये खंडोबाच्या शेजारी लावलेला. दुसरे माझे साहेब, विजेवरच्या स्कूटरची कंपनी काढणारे. ते नवी गाडी दाखवणार असले की मी चाकणच्या नोकरीवर सुट्टी टाकून मोबाईलसमोर बसायचे आणि ते स्टेजवर आले की एकटीच टाळ्या वाजवायचे. त्यांना कुणी नावं ठेवली की गाडीमालकांच्या ग्रुपवर मी पदर खोचून भांडायचे. हिला बापाचंच वेड लागलंय, असं आई म्हणायची.

साहेबांची स्कूटर मी घेतली तेव्हा मनात आप्पाच होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना किक मारायला बंदी केली आणि जुनी स्कूटर जिन्याखाली गेली. तिच्याबरोबर त्यांचं देहूरोडला जाणंही थांबलं. तिथं त्यांचे कारखान्यातले सोबती दर रविवारी चहाला जमतात. कुणाच्या मागे बसून जायला आप्पा तयार नव्हते, रिक्षात तर त्यांना कमीपणा वाटायचा. खिडकीशी बसून बसून माणूस सुकत चालला होता आणि मला ते बघवत नव्हतं. माझ्या गाडीला किकच नाही, हे सांगून सांगून मी थकले. त्यांचं उत्तर ठरलेलं, "आवाज न्हाई, धूर न्हाई. आपला मिक्सर बरा की तिच्यापरीस."

दसऱ्याला त्यांनी जुनी स्कूटर बाहेर काढली, धुतली, पुसली आणि तिला झेंडूचा हार घातला. हार एकच आणला होता.

"आणि माझ्या गाडीला?"

"तुझ्या सायबाला सांग पाठवायला."

माझं डोकंच फिरलं. "तुमच्या कारखान्यानं स्कूटर बनवणं कधीच बंद केलं, आप्पा. माझे साहेब अजून बनवतायत!"

आई हळदीकुंकवाचं ताट हातात घेऊन तशीच उभी राहिली. तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. देहूरोडचे सोबती सोनं द्यायला जमले होते, तू येतोस का म्हणून विचारत होते. आप्पा सवयीनं "गुडघा..." म्हणाले आणि मध्येच थांबले. फोन खिशात टाकून माझ्या स्कूटरकडे बघत राहिले.

"चावी दे."

"चावी नसते हिला. मोबाईलवरून..."

माझं वाक्य संपायच्या आत ते गाडीशी पोचले होते. हँडल धरून त्यांनी ती स्वतःकडे चांगली तिरपी केली. जुन्या स्कूटरवाल्यांची ही खोडच; गाडी सुरू होईना की तिरपी करायची, मग पेट्रोल उतरतं आणि किक लागते. हिच्यात कुठलं आलंय पेट्रोल? पण लॉक असताना कुणी हलवलं की हिला चोर आल्यासारखं वाटतं. ती अशी काही बोंबलली की सोसायटीच्या सगळ्या बाल्कन्या माणसांनी भरल्या.

मी मोबाईल शोधत होते आणि आप्पा हसत होते. किती महिन्यांनी ते असे हसले असतील! "अगं, आवाज हाय की हिला!"

मोबाईल सापडला आणि मी गाडीला गप्प केलं. मग त्यांनी जुन्या स्कूटरच्या हारातला अर्धा भाग हलकेच सोडवला आणि माझ्या गाडीच्या हँडलला गुंडाळला. आईनं कुंकू लावलं. पुढे आप्पा, मागे मी, असे आम्ही निघालो. जुन्या कारखान्याच्या गेटासमोर त्यांनी वेग कमी केला, मान झुकवली, आणि पुढे गाडीचा असा काही कान पिळला की मी घाबरून त्यांचा शर्ट धरला. एवढी घाबरलेली आणि एवढी खूष मी एकाच वेळी कधी झाले नव्हते.

देहूरोडला म्हाताऱ्यांनी गाडीला गराडाच घातला. त्यातल्या एका काकांनी आप्पांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि टोमणा मारला, "काय रं, शेठला सोडलंस व्हय?"

"शेठ घरी हायेत, भिंतीवर," आप्पा ताठ उभे राहून म्हणाले. "ही आमच्या सायबाची."

आमच्या! भर रस्त्यात मी टाळ्या वाजवल्या, स्टेजवरच्या साहेबांसाठी वाजवते त्याहून जोरात.