बंदरातलं जेवण

नंदाखाल गावातला आमचा शेजारी प्रवासी बोटीवर वाढपी होता. बंदरं त्याला जेवणावरून आठवत. "लिस्बनला भाजलेली तारली, नेपल्सला कागदात बांधलेले तळलेले माकूल मासे!"

"खायला सोबत कोण असतं?" मी विचारलं.

"कोण असणार रे? बोटीवरून दोन तासांची सुट्टी. गोदीतच उभ्याने खायचं."

मी बोटीच्या मालकांवर संतापून बरंच बोललो. तो नुसता हसला.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर त्याने मला जेवायला बोलावलं. सगळ्यांना वाढून तो स्वतःचं ताट घेऊन दाराशी उभा राहिला.

"अहो, घरी आलात ना? बसा की," त्याची बायको म्हणाली.

तो बसला, पण मुलाचा पेला रिकामा दिसताच तांब्या घेऊन उठला. तिने तांब्या काढून घेतला.

"मग मी काय करू?" त्याने विचारलं.

आम्ही हसलो. तो मात्र उत्तराची वाट पाहत उभाच होता.