बदामची रजई

नवापूरच्या पिंजारी गल्लीत थंडीच्या दिवसांत सकाळी नऊनंतर कुणी लाल बादली दारात ठेवत नाही. ठेवली तर बदाम तिला धडक मारतो, आणि बदामची धडक म्हणजे अठ्ठेचाळीस किलोची धडक. बदाम हे कासव आहे. विहिरीतलं नव्हे, परदेशी, वाळवंटातलं, जन्मभर जमिनीवर चालणारं. पाठ परातीएवढी, आणि चाल अशी की गल्लीतली कुत्रीसुद्धा रस्ता सोडतात. नऊ वाजले की नईमा पिंजारी पुढचं दार उघडते, "चल रे राजा, ऊन आलं," म्हणते, आणि तो मागच्या परसातून निघून स्वयंपाकघर, मधली खोली करत खरखरत गल्लीत येतो. त्याच्या जाण्यायेण्यानं घरातल्या फरशीवर पायवाट पडली आहे.

"काय गं नईमा, तुझा दुसरा नवरा निघाला वाटतं फिरायला?" समोरची अंजुम विचारते.

"पहिल्यापेक्षा कमी बोलतो. बरं चाललंय आमचं," नईमा सांगते.

तोंडाला तोंड द्यायला नईमाचा हात धरणारं गल्लीत कुणी नाही. वय अठ्ठावन्न, कंबर गेलेली, पण सुई हातात आली की अजून एका दिवसात रजईचे टाके पुरे करते. अशा बाईला डिसेंबरातल्या एका बुधवारी तिच्या मुलानं फोनवर हरवलं. तौसिफ सुरतला कापडबाजारात नोकरीला. तो म्हणाला, "अम्मी, आता बस झालं. तू माझ्याकडे ये. घराचा मागचा भाग जाहिदचाचांना गोदामाला देऊ. आणि बदामसाठी मी जागा बघितलीय. सुरतजवळ फार्महाऊस आहे, हरणं, बदकं, सगळं आहे. रविवारी माणूस येईल गाडी घेऊन."

"मन्हा बदाम कोठेच जावाव नही," नईमा म्हणाली. राग आला की तिची अहिराणी बाहेर येते.

"अम्मी, तो अजून साठ-सत्तर वर्षं जगेल. तू जगशील? तुझ्यानंतर कोण बघणार त्याला?"

हरायची वेळ आली की नईमा चिडते, तशी चिडली आणि फोन ठेवून दिला.

आता खरी गंमत ऐका. हे कासव आणलं कुणासाठी? ह्याच तौसिफसाठी! चौदा वर्षांपूर्वी नईमाचा नवरा सलीम रजईच्या खोळींचं कापड आणायला सुरतला गेला होता. मुलगा बारा वर्षांचा, कुत्रा हवा म्हणून आठवडाभर रुसून बसलेला. कुत्रा घरात चालणार नाही, म्हणून सलीमनं बाजारातून तळहातावर मावेल एवढं कासव आणलं. विकणारा म्हणाला होता, फार तर बशीएवढं होईल. मेल्याची बशी केवढी होती कुणास ठाऊक! तौसिफनं नाव ठेवलं बदाम, महिनाभर त्याला खिशात घालून हिंडला, आणि मग त्याला क्रिकेट लागलं. आणला मुलासाठी, पडला आईच्या पदरात.

बदाम वाढत गेला तसं घर कमी होत गेलं. आधी त्यानं मोरीच्या भिंतीखाली बीळ खणलं, आणि एका पावसाळ्यात मोरी त्या बिळात बसली. मग अंजुमच्या दारची जास्वंद मुळापासून खाल्ली, त्यावरून सहा महिने अबोला. रोज भारा भरून गवत लागतं. ते डोक्यावरून आणते रूपीबाई. गुजरातच्या सीमेवरच्या डोंगरातल्या गावातून ती नवापूरला मजुरीला येते, आणि कामावर जाता जाता भारा टाकून जाते. वनखात्यात नोंद करायला नईमा चार वेळा गेली. साहेब म्हणाला, देशी कासव असतं तर तुम्हाला आतच टाकलं असतं. "परदेशी आहे म्हणून एवढा रुबाब करतो," ती म्हणाली आणि शिक्का घेऊन आली.

पण बदाम पाळायची काय किंमत पडते, असं विचारलं तर नईमा ह्यातलं काहीच सांगत नाही. ती सांगते ते वेगळंच. सलीम गेल्यापासून एकाही हिवाळ्यात ती दुसऱ्याच्या घरी रात्री झोपलेली नाही. मालेगावला सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न जानेवारीत होतं, सकाळी गेली, संध्याकाळी परत. बहीण अजून बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी तौसिफनं तिच्या उमऱ्याची, मक्केच्या यात्रेची, सगळी सोय केली होती. गावातल्या बायांचा जथा निघाला होता, पासपोर्ट झाला होता, तिथे घालायचे एहरामचे पांढरे कपडे शिवून तयार होते. तारीख निघाली ऐन जानेवारीतली. नईमानं नाव काढून घेतलं. दीर जाहिद मोहल्ल्यात बोलला, "काय बाई आहे! काबा सोडला, कासव धरलं."

नईमानं त्याला रस्त्यातच गाठलं. "अल्लाहनं बोलावलं तर उन्हाळ्यातही बोलावील, जाहिदभाई. तुम्ही मध्ये दलाली करू नका."

हे हिवाळ्याचं काय प्रकरण आहे, ते सांगायला पाहिजे. कारण तिथेच नईमाची ती चूक आहे. ती आठवली की तिला अजून कुणाच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

सलीम होता तोवर बदामची थंडी तोच सांभाळायचा. परसात पत्र्याची बंद खोली, खाली विटा, वर लोखंडी जाळीत रात्रंदिवस जळणारा मोठा बल्ब. नईमानं कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही. नवराबायकोत कामं वाटलेली असतात. सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या आसपास सलीम गेला. थंडी पडली. नईमाला वाटलं, हा बल्ब काय उजेडासाठी! मुक्या जिवाला रात्री झोप नको का? तिनं बल्ब बंद केला. आणि विधवेच्या इद्दतीत घराबाहेर न पडता चार दिवस बसून बदामसाठी रजई शिवली. नव्या कापसाची, हातानं पिंजलेली, तीन बोटं जाड, सलीमच्या जुन्या लुंगीची खोळ. पिंजाऱ्याची लेक, पिंजाऱ्याची सून. प्रेम करायचं म्हणजे तिला दुसरं येणार काय? तिनं बदामला चारी बाजूंनी खोचून झाकलं आणि समाधानानं झोपली.

रजई घातल्यापासून पाचव्या दिवशी बदाम खाईना. सातव्या दिवशी नाकातून पाणी आणि मान लुळी. रूपीबाईनं भारा टाकला, रजईखाली हात घातला आणि ओरडली, "बाई, हा तर दगडासारखा गार आहे! काढ हे!" तिनं रजई ओढून फेकली आणि धावत जाऊन जनावरांच्या राजेंद्र डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टर गाईम्हशींचे, पण माणूस शहाणा, सुरतच्या मित्राला फोन लावून विचारलं आणि मग नईमाकडे बघून म्हणाले, "भाभी, रजईत ऊब नसते. आत जो असतो त्याचीच ऊब ती धरून ठेवते. ह्याच्या अंगात स्वतःची ऊब नाही, हा बाहेरून घेतो. उन्हातून, बल्बमधून. तुम्ही सात दिवस त्याच्याभोवती थंडी बांधून ठेवलीत."

नईमा भिंतीला टेकून खाली बसली. आयुष्यभर हेच तर ऐकत आली होती ती! गिऱ्हाईक भांडलं, की तुमची रजई ऊब देत नाही, तर सलीम हसून म्हणायचा, "आधी अंग शेकून मग घ्या, चाचा. रजई काय चूल आहे?" हजार वेळा ऐकलेलं. आणि घरच्या जिवाच्या वेळी अक्कल गहाण पडली.

महिनाभर दोघी बायांनी त्याला कोमट पाण्यात बसवलं, उचलून उन्हात नेलं, परत आणलं. तेव्हा तो वीस किलोचा होता. नईमाची कंबर गेली ती त्या महिन्यात. बदाम वाचला. तेव्हापासून बल्ब परत रात्रंदिवस जळतो, आणि थंडीत वीज गेली की नईमा शेगडीवर विटा तापवून गोणपाटात गुंडाळते आणि त्याच्या खोलीत ठेवते, मग रात्रीचे कितीही वाजोत. ह्यासाठी ती कुठे जात नाही. कुणावर सोपवायला तिचा जीव धजत नाही.

पण ह्या बुधवारी तौसिफनं विचारलेला प्रश्न टोचत राहिला. तुझ्यानंतर कोण? गुरुवारी विटा उचलताना कंबरेत अशी कळ आली की ती अर्धा तास परसातच बसून राहिली. संध्याकाळी तिनंच फोन केला. "पाठव तुझा माणूस," म्हणाली. शनिवारी रूपीबाईला सांगितलं, सोमवारपासून गवत नको. रूपीबाईनं भारा जरा जोरात आपटला, एवढंच.

रविवारी दहाला पिकअप गल्लीत शिरली. तौसिफ सकाळच्या गाडीनं आला होता. जाहिद हातात टेप घेऊन परसाची मापं घेत होता, जणू बाई मेलीच आहे. रूपीबाईला रविवारी चर्च असतं, तरी ती परसात येऊन उभी राहिली होती. फार्महाऊसचा माणूस पवन, चांगला गोड बोलणारा. बदामला बघून खूश झाला, फोटो काढले. मजुरांनी बदामच्या पोटाखालून पट्टे घातले. नईमा दाराला धरून उभी. डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला कुणाला दाखवायचं नव्हतं.

तिनं एकच विचारलं. "थंडीत काय करणार ह्याचं?"

"त्याची काळजीच सोडा, मासी," पवन म्हणाला. "मोकळ्या लॉनवर मस्त राहील. आणि थंडी पडली की वर जाडजूड रजई टाकू. तुमच्याकडूनच बनवून घेतो ना! स्पेशल साइज."

"वा!" तौसिफ हसला. "बघ अम्मी, ऑर्डरही मिळाली."

नईमानं मुलाकडे बघितलं. चांगला मुलगा आहे, व्यसन नाही, दर आठवड्याला फोन करतो. ह्याच घरात कापसाच्या ढिगावर झोपून मोठा झाला. "तौसिफ," ती शांतपणे म्हणाली, "रजई कशी ऊब देते, सांग."

"म्हणजे काय? कापूस असतो ना आत. कापूस गरम असतो."

"तुन्हं डोकं फिरी गयं का रे?" ती अशी कडाडली की मजुरांच्या हातातले पट्टे सुटले आणि बदाम धपकन खाली टेकला. "पिंजाऱ्याचा मुलगा आणि कापूस गरम म्हणतोस? सोडा त्याला! सोडा म्हणते ना! पहिल्याच थंडीत मारायला नेताय माझ्या जिवाला!"

"भाभी, शब्द दिलाय आपण," जाहिद मध्ये पडला. "आणि गोदामाचं..."

"टेप गुंडाळा, जाहिदभाई. हे घर सलीमनं मला लग्नाच्या मेहरमध्ये लिहून दिलंय. तुमच्या बापाचं पण नाही आणि तुमच्या भावाचं पण नाही. माझं आहे."

तौसिफ जवळ आला. आवाज खाली आणून म्हणाला, "ठीक आहे, नाही देत. पण मी विचारलं ते खोटं आहे का, अम्मी? तुझ्यानंतर कोण?"

नईमा वळली. "रूपी, मी मेले तर ह्याला बघशील?"

रूपीबाईनं पदराला हात पुसले. "मी तरी काय कायमची राहणार आहे? पण माझी लेक निर्मला आहे, तिच्यामागे तिची पोरं. बघू आम्ही. मला तुझं घर नको, बाई. पण माझ्या झोपडीत वीज टिकत नाही, आणि ह्याला ऊन येईल अशी जागा तर लागेल."

"मग लागेल ती घे. वसीयतीत तिसरा हिस्सा आपल्या मर्जीनं कुणालाही देता येतो, मौलानांनीच सांगितलंय. परस आणि ती पत्र्याची खोली, मोजा हवं तर, जाहिदभाईंच्या हातात टेप आहेच. तिसऱ्या हिश्शापेक्षा वीतभर कमीच भरेल. उद्या वकिलाकडे जाऊन रूपीच्या नावे लिहिते. बदाम आहे तोवर."

"कासवापायी घर परक्याला?" जाहिद ओरडला.

"परकं कोण?" नईमा म्हणाली. "तो गार पडला होता तेव्हा रजईखाली हात कुणी घातला होता?"

पवननं मजुरांना खूण केली, पिकअप रिकामी गेली, आणि जाता जाता एक लाल बादली चाकाखाली आली. अंजुमची, बदाम गेलाच असं समजून दारात ठेवलेली. तिच्यावरून आता किती महिने अबोला चालेल कुणास ठाऊक.

दुपारी तौसिफ गल्लीत उकिडवा बसला होता. बदाम उन्हात डोळे मिटून पसरलेला. तौसिफनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि चटका बसल्यासारखा उचलला, मग पुन्हा ठेवला.

"केवढा तापलाय," तो म्हणाला.

"तासाभराचं ऊन प्यायलाय. आता रात्रीपर्यंत पुरेल." नईमा त्याच्याशेजारी कंबर धरून बसली. "तुझ्या फ्लॅटमध्ये येईन मी. राहायला नाही; पाहुणी म्हणून येईन. अस्माला सांग, मला सुनेच्या हातची दालबाटी पाहिजे."

"कधी येशील? थंडीत तर तू निघणार नाहीस."

"नाहीच निघणार. तुला माझ्यावर खर्चच करायचाय ना? मग उमऱ्याचं तिकीट काढ. होळी झाली की काढ. तेव्हा त्याला माझी गरज नसते, रूपी पुरे." मग बदामची पाठ थोपटत म्हणाली, "आणि तिथे ऊन फार असतं म्हणून मला घाबरवू नकोस. मी ह्याच्याबरोबर राहून ऊन प्यायला शिकलेय."