दोन डब्यांचं ग्रीस

चाकाच्या बेअरिंगला कुठलं ग्रीस घालावं, हे विचारायला अजूनही कोणीतरी दारात येतं. मी सांगतो, पण सांगताना जीव कंटाळतो. इतकं साधं काम, आणि नेमकं तेच मला एकदा नीट करता आलं नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईची वर्षं होती. निपाणी ते बेळगाव उतारू नेणाऱ्या एका सर्व्हिस मोटारीवर मी मिस्त्री होतो. मोटार चालवणाऱ्याला सगळे आप्पा म्हणत, मीही म्हणायचो. आप्पांनी पन्नाशी ओलांडली होती आणि अलीकडे त्यांना जरा कमी दिसायचं. हे मालकांच्या कानावर जाऊ नये म्हणून ते फार जपायचे. "स्टिअरिंग सोडलं तर मला दुसरं काय येतंय रं? ते गेलं की मी संपलो बघ," असं मला एकट्याला म्हणायचे. मी कुणाला बोललो नाही.

मालक मूळचे बैलगाड्यांवाले. तंबाखूच्या ने-आणीत चार पैसे गाठीला आले तशी त्यांनी मोटार घेतली, पण मन गाडीतळावरच राहिलं. आसाला एरंडेल आणि काजळी कालवून लावली की गाडी मुंबईपर्यंत जाते, अशी त्यांची खात्री. मी ग्रीसची मागणी केली की म्हणायचे, "वंगण ते वंगण. त्यात बी जात बघतोस व्हय?"

जात बघावीच लागते. तेव्हा आमच्याकडे दोन प्रकारचं ग्रीस मिळायचं. एक पिवळं, लोण्यासारखं मऊ. ते पाण्याला दाद देत नाही, पण उष्णतेनं पातळ होतं. ते स्प्रिंगांच्या सांध्यांना ठीक. दुसरं काळपट. दोन बोटांत धरून ओढलं तर दोरे सुटायचे. ते पाण्यानं बिघडतं, पण तापलं तरी जागा सोडत नाही. तवंदीचा घाट उतरताना ब्रेकनं चाकाचा तुंबा, म्हणजे मधला गोल भाग, हात लावू नये इतका तापतो, म्हणून चाकांना हे दोऱ्याचंच हवं. बेअरिंग रॉकेलमध्ये धुवायचं, वाळवायचं, डाव्या तळव्यावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची कड त्यात दाबत राहायचं, रोलरांमधून वरच्या बाजूला ग्रीस डोकावेपर्यंत. या कामात मला कुणी नाव ठेवत नव्हतं.

लढाईत दोऱ्याचं ग्रीस दिसेनासं झालं. बेळगावात कॅम्पातल्या एका दुकानदाराला लई विनवण्या केल्यावर एक डबा मिळायचा. एका वर्षी डबा अर्ध्यावर आला आणि दुकानदारानं हात वर केले. चार चाकं भरायची होती, ग्रीस दोन चाकांपुरतं होतं.

तेव्हा घराघरांत सगळंच पुरवून वापरायचे. आमटीत पाणी, गव्हात ज्वारी, रॉकेलचा दिवा जेवणापुरता. मीही तेच केलं. दोऱ्याच्या ग्रीसमध्ये मऊ ग्रीस कालवलं. रंग छान आला, बोटाला चिकटही लागलं. निम्मं चांगलं आहे म्हणजे निम्मा तरी गुण राहील, असं वाटलं. खरं म्हणजे स्वतःच्या हुशारीवर खूश झालो होतो. आप्पांनी विचारलं, "चाकं भरलीस न्हवं? कॅम्पातलंच घातलंस?"

"व्हय आप्पा, कॅम्पातलंच," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी, बेळगावहून परत येताना, टपावर तंबाखूचे बोद लादलेली मोटार तवंदीच्या उतारावर एका वळणाला थांबेना. आप्पांनी ती दरीकडं जाऊ न देता डोंगराच्या अंगाला घातली. माणसं खरचटण्यावर निभावली. आप्पांचं कपाळ फुटलं.

मोटार आणायला मलाच पाठवलं. मागचं उजवं चाक काढलं तर आतलं ग्रीस तेलासारखं पातळ होऊन ब्रेकवर उतरलं होतं; ब्रेक धरणार कुठून? मी ते पुसून काढलं. का पुसलं? घाण दिसली की पुसायची, हाताला तीच सवय. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो.

इकडे मालकांच्या ओसरीवर आप्पा स्वतःच बोलून बसले होते. "वळण मला उशिरा दिसलं, मालक. डोळं आता पयल्यासारखं न्हाईत." इतके दिवस लपवलेलं त्यांनी आपल्याच तोंडानं सांगितलं. मालकांनी त्यांना त्याच दिवशी घरी बसवलं.

मला दोन दिवस अन्न गेलं नाही. उरलेलं ग्रीस बायकोच्या पळीत घेऊन चुलीवर धरलं. बघता बघता त्याचं पाणी झालं. दोन्ही ग्रीसची खोड तेवढी राहिली होती, गुण एकाचाही नाही. तशीच पळी घेऊन मालकांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. आप्पांचा दोष नाही, माझा आहे, म्हणालो.

मालकांनी पळीकडे पाहिलं आणि हसले. "चुलीवर काय बी वितळतंय, लेका. वंगणानं कुठं मोटार पडती? म्हाताऱ्यासाठी खोटं बोलायलास, कळतंय मला. मन चांगलं हाय तुझं. जा, कामाला लाग." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी खांद्यावर हात ठेवून मला दारापर्यंत पोचवलं. इतका दमलो होतो की तिसऱ्यांदा बोलायचं त्राण नव्हतं.

आठवड्यानं आप्पा माझ्या घरी आले, कपाळाला पट्टी तशीच. मालकांनी त्यांना काय सांगितलं असेल ते मला बघताक्षणी कळलं. वडिलांच्या वयाचा तो माणूस उंबऱ्यात उभा राहून मला हात जोडत होता.

"माझ्यापायी सोताची नोकरी पणाला लावलीस. पोटच्या पोरानं केलं नसतं."

मालकांना सांगितलं ते खोटं नव्हतं, एवढंच म्हणायचं होतं मला. शब्द ओठांवर होते. आणि बायको आतून माझ्याकडं कौतुकानं बघत होती. मी म्हणालो, "आत या आप्पा, बसा."

ते बसले. चहा घेतला. त्यानंतर कित्येक वर्षं ते भेटेल त्याला माझा चांगुलपणा सांगत राहिले, आणि मी ऐकत राहिलो.