बांधावरची केळी

गणितात खोटं चालत नाही, असं रफवाले सर दर वर्षी पहिल्या तासाला सांगत. त्यांच्याइतका सच्चा माणूस बुऱ्हाणपुरात दुसरा नव्हता, असं मीही बरीच वर्षं सांगत आले. या विधानातून एक गुण वजा करावा लागेल.

सरांना उत्तरांत रस नव्हता. परीक्षा संपली की ते कचऱ्याच्या टोपलीकडे जात, चुरगळलेले रफ कागद काढून तळहाताने सपाट करत आणि पिशवीत भरत. "उत्तर तो कोई भी टिपून देईल, बेटा," ते म्हणत, "रफ ज्याचं त्याचंच असतं." कॉलेजचा शिपाई त्यांना तोंडावर 'रद्दीवाले' म्हणे. सर त्यालाच पिशवी धरायला लावत.

मी कॉलेजात आले त्या वर्षी नव्या मुलांची गणित स्तर-निर्धारण चाचणी सुरू झाली. प्राचार्यांनी समई लावली, 'युगप्रवर्तक' हा शब्द तीनदा वापरला आणि चाचणीला वीस मिनिटं उशीर केला. तीसपैकी अठरा गुण मिळाले तर सकाळचा वर्ग. त्याखाली दुपारचा पाया वर्ग, साडेपाचला सुटणारा. आमच्या गावाची, फोपनारची, शेवटची बस पाचची. वडिलांनी निघतानाच सांगितलं होतं, "दुपारचं निघालं तर राहू दे कॉलेज. रोज न्यायला मी कुठून येऊ?"

संध्याकाळी यादी लागली. मला सतरा.

वडील फाटकाशी मोटारसायकलला टेकून उभे होते. त्यांनी लांबूनच भुवया उंचावल्या. मी न पाहिल्यासारखं केलं आणि सरांच्या खोलीत शिरले. त्यांनी पिशवीतून माझा रफ कागद शोधला, चुकलेले प्रश्न एकेक करून पाहू लागले. तीन सोडले, पाच सोडले. एका प्रश्नाशी ते थांबले. साठ मीटर लांब शेतात दीड मीटर अंतराने केळीची एक ओळ लावायची; झाडं किती? उत्तरसूचीत एक्केचाळीस होतं. मी साठाला दीडने भागून चाळीस काढले होते, पुढे 'वजा एक' लिहून एकोणचाळीसभोवती गोल केला होता. एक कुठेतरी मिळवायचा किंवा काढायचा असतो, एवढंच मला आठवलं होतं.

सर बराच वेळ त्या 'वजा एक'कडे बघत राहिले. का लिहिलंस, हे त्यांनी विचारलं नाही. उठले आणि प्राचार्यांनाच घेऊन फाटकाशी आले.

"भाऊ, तुम्ही केळी लावता, तुम्हीच सांगा. साठ मीटरच्या शेतात दीड मीटरवर केळी लावली, तर ओळीत झाडं किती?" विचारताना माझा कागद त्यांनी, का कोण जाणे, वडिलांकडे तोंड करून धरला होता.

वडिलांनी कागदाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मोटारसायकलची किल्ली दोनदा बोटाभोवती फिरली.

"एकोणचाळीस," ते म्हणाले. "बांधावर केळी कोण लावतं, सर? दोन्ही टोकं सोडावी लागतात ना."

प्राचार्यांचं घराणं कापडाच्या व्यापारातलं. केळी त्यांनी फळवाल्याच्या गाडीवर पाहिली होती. "हां हां, ते तर आहेच," ते घाईने म्हणाले आणि सतराचे अठरा झाले.

परतीच्या वाटेवर गाडी आमच्या शेताजवळून गेली. आम्ही दोघंही सरळ रस्त्याकडे बघत होतो.

आता मी त्याच कॉलेजात गणित शिकवते. सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाला प्राचार्यांनी त्यांना 'सत्याचे उपासक' म्हटलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. निघताना सरांनी पिशवीतून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्या हातात दिला. 'वजा एक'वर लाल शाईची काट होती, आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'चूक. अधिक एक.' शाई कागदाइतकीच जुनी होती.

वडिलांना मी तो कागद दाखवला नाही. आमच्या शेतात केळी दोन्ही बांधांवर आहेत.