आक्काची दुनळी

दुपारचं जेवण झालं आहे. पुस्तक छातीवर आहे आणि मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचतो आहे. आज खंडेनवमी. संध्याकाळी पोलीस ठाण्यात जायचं आहे. थोरल्या बहिणीची दुनळी बंदूक वारस म्हणून माझ्या नावावर करून घ्यायची, की सरकारजमा करायची, ते सांगायचं आहे. आक्का गेल्यापासून ती तिथे पडून आहे. माझं अजून काही ठरत नाही. ओळ पुसट होते.

कपाटातली पुस्तकं सळसळतात. दोन कपाटांच्या मधून ऊस वर आला आहे आणि उसातून आक्का येते. अंगावर जुनं इरकल, खांद्यावर दुनळी.

"नरू, पूजा केलीस का हिची?"

"ठाण्यात आहे ती, आक्का."

"मग ठाण्यात जाऊन करायचीस. पुस्तकांना हळदकुंकू वाहत बसला असशील."

तसाच बसलो होतो. आम्ही आता मळ्यातल्या विहिरीच्या काठावर आहोत. खाली पाण्यात माझ्या खोलीतला पंखा फिरतो आहे.

"नावावर करून घे," आक्का म्हणते. "उभा जन्म एकटी राहिले मळ्यावर. पोलिसांना बोलवायला माणूस धाडावा, तर ते येईपर्यंत उजाडायचं. भिंतीवर बंदूक आहे हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी कुंपण ओलांडलं नाही. हक्क होता तो माझा."

"तसं पाहिलं तर..."

"झालं ह्याचं तसं पाहिलं तर सुरू!"

"मग लाकडाची टांगली असतीस तरी चाललं असतं," मी बोलून जातो आणि स्वतःच दचकतो.

आक्का खळखळून हसते. "लाकडाची आहे हे गावाला दुपारपर्यंत कळलं असतं, शहाण्या!"

हेही खरं. तिचं प्रत्येक म्हणणं खरं असतं, हीच माझी अडचण.

उसात ठाण्यातलं टेबल मांडलेलं आहे. खुर्ची रिकामी. टेबलावर दुनळी. आक्का ती माझ्याकडे सरकवते. समोर पाती हलतात.

"बिबट्या," ती कुजबुजते. "लाव खांद्याला."

एके वर्षी बिबट्याने मळ्यावरच्या शेळ्या नेल्या होत्या. आवाजाने तो येऊ नये म्हणून आक्काने सगळ्या गुरांच्या गळ्यातली घुंगरं काढून ठेवली. मग एका तिन्हीसांजेला ऊस हलला आणि तिने बार टाकला. तिची लाडकी कालवड, हरणी, आवाज न करता पडली.

"हरणी असेल ती," मी म्हणतो.

"कशावरून?"

"माहीत नाही. बिबट्याही असेल. तुला तरी कुठे माहीत होतं?"

तिचा चेहरा कठीण होतो. "एका वासरावरून माझा जन्म तोलतोस?"

"नाही. तुला गरज होती. तुझ्या जागी मी असतो तर पळून आलो असतो. मी भित्रा आहे, आक्का. पहिल्या सळसळीलाच चाप ओढीन. नाही घेत मी."

"आणि कुणी घरात शिरलं तर?"

"ओरडेन. मार खाईन. नाही घेत."

आक्काला आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हणतो आहे. मी तिसऱ्यांदा म्हणतो, इतक्या मोठ्याने की ऊस वाकतो.

ती कनवटीतून काळ्या दोऱ्यातलं हरणीचं घुंगूर काढते, माझ्या मनगटाला बांधते आणि गाठ कचकन आवळते.

"मग वाजत राहा," ती म्हणते. "गप्प उभा राहू नकोस. समोरचा माझ्यासारखा असला तर?"

पंखा वर छताला फिरतो आहे. पुस्तक जमिनीवर पडलं आहे. मी उठून सदरा चढवतो, आणि बाहीचं बटण लावताना हात थांबतो. मनगटाभोवती पिळाच्या दोऱ्याचा लालसर वळ आहे. घुंगूर नाही.

मी बटण लावत नाही. बाही वर दुमडतो.

"सरकारजमा," मी जिन्यात मोठ्याने म्हणून बघतो.

"काय म्हणालात, काका?" खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून विचारतात.

एरवी मी 'काही नाही' म्हणून सटकलो असतो. आज मी थांबतो आणि पुन्हा म्हणतो. मग चपला वाजवत खाली उतरतो.