सासऱ्यांच्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स टाकलं

हळू चालणारा कॉम्प्युटर दिसला की माझ्या हाताला खाज सुटते. नेरूळच्या दातांच्या डॉक्टरांना मी तोंडात कापूस असतानाही सांगितलं होतं, "तुमच्या पीसीवरचं विंडोज काढा, लिनक्स टाका." कापसामुळे त्यांना कळलं नाही, म्हणून तो पीसी वाचला. घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात माझा लिनक्सचा पेन ड्राइव्ह कायम लटकलेला असतो.

सासऱ्यांचा कॉम्प्युटर वाचला नाही.

करंजाड्याला त्यांच्याकडे गेलो होतो. तो सुरू होईपर्यंत सासूबाईंचे पोहे झाले, खाऊनही झाले. मला बसवेना. सासरे सरकारी कचेरीतून टायपिस्ट म्हणून रिटायर झालेले. ते आंघोळीला गेले आणि मी पेन ड्राइव्ह लावला. त्यांच्या फायली आधी कॉपी करून ठेवल्या, एवढा काही मी बेजबाबदार नाही. पूजा उरकून ते बाहेर आले तोवर विंडोज गेलं होतं.

"बघा बाबा, कसं पळतंय!"

त्यांनी चष्मा लावून फाइल उघडली. पानभर नुसतं dkdk, vkbZ, असलं काहीतरी.

ती त्यांच्या घराण्याची वंशावळ होती. दोन वर्षं फोन करकरून जमवलेली. रविवारी कुलदेवीला सगळे भाऊबंद जमणार होते. त्यासाठी शनिवारी पनवेलच्या छापखान्यात ती द्यायची होती. हातात दोन दिवस. टाइप केली होती कचेरीच्या काळातल्या मराठी फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट मी विंडोजबरोबरच पुसला होता.

जावयाला तोंडावर रागवायची आमच्याकडे पद्धत नाही. ते कॉम्प्युटरला रागावले. "गाढवा, तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" कॉम्प्युटरच्या वतीने मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

नेटवर त्या फॉन्टचे दोनचार भाऊ सापडले, पण तो नाही. मी उठलो, गॅलरीत गेलो, परत आलो, पुन्हा शोधलं. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, आधी चालत होतं ना ते?"

"हो."

"मग?"

या 'मग'चं उत्तर लिनक्सवाल्यांच्या कुठल्याच ग्रुपवर मिळत नाही.

दुपारी सासरे गुपचूप येऊन शेजारी बसले. dkdk कडे बघत राहिले. त्यांची बोटं टेबलावर हलली.

"काका," ते म्हणाले.

"कुठले काका?"

"अहो, हे 'काका' आहे. d दाबला की क, k दाबला की काना. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना ठाऊक आहे."

मग ते टेबलावर बोटं आपटत एकेक नाव सांगायचे आणि मी नव्याने टाइप करायचो. दोन दिवस. मधे मला एकदाच चहाला उठू दिलं. शनिवारी दुपारी शेवटच्या पानावर आलो. बायकोच्या नावापुढे tkobZ होतं, मग माझं नाव, आणि पुढे अजून एक शब्द.

"जावई," ते म्हणाले. मग माझं नाव. मग त्यांनी बोटं टेबलावरून उचलली.

"बाबा, पुढे काहीतरी आहे."

त्यांनी बोटं एकदा आपटून पाहिली. "'संगणकतज्ज्ञ' आहे," ते अगदी अदबीने म्हणाले. "ते आता गाळू या."